नर्सच्या हातचा प्रसाद

मंडळी, मी फुलचूरची. आज सकाळी गोंदियात एका धर्मादाय दवाखान्यात नर्सच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. दवाखाना मंदिराच्या ट्रस्टचा आहे.

ट्रस्टचे अध्यक्ष वयस्कर, बोलायला गोड. त्यांनी स्वतःचीच बाही वर केली. "चलो बेटी, बीपी देखो."

मी पट्टा बांधून बीपी पाहिला. "काका, जास्त आहे. गोळी चुकवून राहिले का?"

ते हसले. "भूल गया था. हात चांगला आहे तुझा. सोमवारपासून ये."

मग घरची चौकशी सुरू झाली. आम्ही बौद्ध आहोत, हे मी सरळ सांगितलं. काकांनी बाही खाली केली.

"बात ऐसी है, इथं आरतीनंतर नर्सच पेशंटला प्रसाद वाटते. लोक तुझ्या हातचा घेतील का? आमचा धार्मिक ट्रस्ट आहे. कोणाला ठेवायचं, तो आमचा हक्क आहे."

मी म्हटलं, "पुजारी तुमच्याच धर्माचा ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण मी नर्सच्या कामासाठी आली. प्रसाद दुसरं कोणी वाटेल. तरी नाही म्हणत असाल, तर काऊन नाही ते लिहून द्या."

काका लिहून देईनात. मी उठले. दारापर्यंत पोचते तोच मागून काकांचा आवाज आला, "बेटी, वो गोळी अभी ले लूँ क्या?"

"घ्या, आणि डॉक्टरांना दाखवा," मी सांगितलं.

मला माझं काम येतं, नोकरी दुसरीकडे मिळेल. तुम्ही फक्त एवढं सांगा, तुमच्या आईला सलाईन लावायला नर्स आली, तर तिला आधी काय विचाराल?