समोरच्या बीजींचं काचेचं टेबल

मी ब्रोशरमधली बदकं बघून फ्लॅट घेतला. आता कबूल करायला हरकत नाही.

नॉयडातल्या आमच्या नव्या सोसायटीच्या त्या चकचकीत कागदावर एक तळं होतं आणि तळ्यात बदकं. ऑगस्टमध्ये राहायला आलो तेव्हा मला आठवा महिना लागला होता. लिफ्टच्या जागी खड्डा होता आणि तळ्याच्या जागी पावसाचं डबकं. आमची अडीच वर्षांची मुक्ता बाल्कनीतून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई, बदकं खूप मोठी आहेत."

म्हशी होत्या.

लहान मुलांच्या घरात किस्से बाळाच्या मोज्यांसारखे साठतात. सोफ्याच्या कुठल्याही फटीत हात घाला, एखादा निघतोच. आता मुक्ताला माझ्या चपला बसतात, तरी निघताहेत. आणि दर दुसऱ्या किश्श्यात समोरच्या दारातल्या बीजी असतातच.

बीजी पंजाबी (बीजी म्हणजे आई, सगळे तेच म्हणायचे), साठीच्या, गुडघ्यांनी बेजार. मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेलेली. घरात त्या एकट्या, आणि हॉलमध्ये पितळी पायांचं एक काचेचं टेबल. त्या टेबलावर पाहुण्यांनाही कप ठेवायची परवानगी नव्हती. मुक्ता जवळ गेली की बीजी गुडघे धरत उठून मध्ये उभ्या राहायच्या. टेबलाला वाचवायला की मुक्ताला, ते कळायचं नाही.

* * *

चिकू झाला, आणि त्याच्याबरोबर माझी काळजीही जन्माला आली. रजा संपत होती संक्रांतीनंतरच्या सोमवारी. माझं ऑफिस पार दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर, माझे यजमान सुधीर यांचं त्याच्याही पलीकडे. पुण्यात बाबा आजारी, म्हणून आईला येता येईना. सासूबाई तर आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. पाळणाघराचं म्हणाल, तर आमच्या सेक्टरमध्ये तेव्हा रिक्षावालेसुद्धा यायला कुरकुरायचे. म्हणजे मुलांना सांभाळणारं कुणी मिळालं नाही, तर नोकरी सोडायची. आणि मला माझी नोकरी फार आवडायची, यार. तिथे चहा गरम असताना प्यायला मिळायचा.

* * *

दिल्लीची थंडी सुरू झाली. मी चिकूला पुण्याच्या हिशोबाने एक स्वेटर घातला. बीजींनी तो बघितला, घरी गेल्या आणि दोन्ही हात भरून लोकरी सामान घेऊन आल्या. बनियन, इनर, स्वेटर, त्यावर स्वेटर, टोपी, त्यावर शाल. शेवटी पलंगावर एक गाठोडं राहिलं.

मुक्ता दुपारी झोपून उठली. गाठोड्याकडे बघितलं, पाळण्यात बघितलं, पलंगाखाली बघितलं. मग मला विचारलं, "बाळ परत दिलं?"

* * *

लाइट तेव्हा सारखी जायची आणि सोसायटीचा जनरेटर आमच्या खिडकीखालीच होता. चिकूला त्या घरघरीची इतकी सवय झाली की लाइट आली, जनरेटर बंद पडला, की तो दचकून रडायला लागायचा. बाकी सगळ्या बिल्डिंगमध्ये आनंद, आमच्या घरात सुतक.

एका रविवारी दुपारी सुधीर त्याला खांद्यावर घेऊन स्वतःच जनरेटर झाले. "घर्र्र्र" करत तासभर फेऱ्या. दार उघडंच होतं. बीजी वाटीभर गाजराचा हलवा घेऊन आल्या, उंबऱ्यात उभ्या राहून ऐकलं आणि मला म्हणाल्या, "अच्छा है. डीज़ल भी नहीं लगता."

* * *

संक्रांतीला चिकूचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने. बीजी आदल्या दिवशीच्या लोहडीची रेवडी घेऊन आल्या आणि बाळ काळ्या कपड्यात बघून त्यांचा चेहराच उतरला. मी समजावलं की संक्रांतीला आमच्यात काळं घालतात, काळं ऊब धरून ठेवतं.

"गरमाहट के लिए स्वेटर होता है," त्या म्हणाल्या, आणि लाल स्वेटर घेऊन आल्याच.

मग डोक्यावर चुरमुरे, बोरं, हलवा ओतायची वेळ आली. मी ओतायचे आणि बीजी वरच्यावर ओढणीत बोरं झेलायच्या, बच्चे को लगेगा म्हणून. माझ्या माहितीतलं हे एकमेव कोरडं बोरन्हाण.

तेवढ्यात मुक्ता चिकूच्या गळ्याला बिलगली. बराच वेळ सोडेचना. बीजींचे डोळे भरून आले, भाई से कितना प्यार है म्हणाल्या. मुक्ता बाजूला झाली तेव्हा चिकूच्या गळ्यात नुसता दोरा होता.

* * *

आणि सोमवार जवळ आला.

बीजींना विचारावं असं रोज मनात यायचं. पण त्या गुडघ्यांवर दोन पोरं घालायची कुठल्या तोंडाने? आधीच इतकं करत होत्या. या जंगलात मला समोरचं दार मिळालं होतं, अजून काय मागायचं? नोकरी सोडायची असं मी जवळजवळ ठरवलंच. सुधीर म्हणाले, "विचार तरी. नाही म्हणाल्या तर हलवा बंद होणार नाही."

शुक्रवारी तिळगुळाच्या वड्या घेऊन गेले. बीजी हॉलमध्ये मटार सोलत बसल्या होत्या. हॉल मोकळा मोकळा वाटत होता. काचेचं टेबल नव्हतं. पॉलिशला दिलं असेल, असं मला वाटलं. शोकेसमधल्या कपबश्या वरच्या फळीवर गेल्या होत्या आणि टीव्हीच्या स्टँडच्या कोपऱ्यांना जुने टॉवेल बांधले होते. पंजाबी लोकांची साफसफाई चालू आहे, असंही मला वाटलं.

मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. ऑफिस, बाबांची तब्येत, बीजींचे गुडघे, माझा संकोच. माझ्या हिंदीत जितका आदर बसेल तितका बसवला. अगदी अवघड वाटत असेल तर बिल्कुल नाही म्हणा, मी वाईट वाटून घेणार नाही, असंही वर सांगितलं.

"सोच के बताइए, बीजी. कोई जल्दी नहीं."

बीजींनी मटारची परात माझ्याकडे सरकवली.

"ये छील. मंडे से तेरे पास टाइम कहाँ होगा."