रिलिव्हर येईपर्यंत

अंकुरचा डबा शिफ्ट बदलली की मरायचा. सगळ्यांच्या देखत मरायचा तो दुपारी दोनला. डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. राइस मिलच्या मोटरजवळ बसवायची पेटी. आत बोर्ड, आणि बोर्डावर अंकुरने स्वतः काटछाट करून चढवलेलं लिनक्स. मोटर किती थरथरते ते मोजायचं, प्रत्येक शिफ्टची नोंद वेगळी ठेवायची, एवढंच तिचं काम. भिलाईत खुर्सीपारच्या दोन खोल्यांच्या कारखान्यात ही पेटी जन्मली होती आणि तिथेच आजारी पडली होती.

लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम गुमान चालायचा. पेटीत घातला की कोसळायचा, आणि पेटी बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. वेळेवरूनच काय ते ओळखायला हवं होतं. पण अंकुरने मेमरी तपासली, पॉवर सप्लाय बदलला, सोबतच्या गौरवला विनाकारण चार शब्द सुनावले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

खरं तर त्याचं चित्त पेटीत नव्हतंच, ते नागपूरला होतं. मोना तिथे सरकारी शाळेत शिकवते. महाराष्ट्राची नोकरी, बदली छत्तीसगडात होणं नाही. अंकुरला नागपुरात काम मिळत होतं, पण भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या घरी त्याची आई गयाबाई लकव्याने अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून बसवणं बाबांच्या, हिरालालच्या, एकट्या कमरेला झेपत नसे. थोरला शुभम कॅनडात. 'यंदा येतो, मग तू मोकळा,' असं तो दर दिवाळीला म्हणायचा. अंकुर वाट पाहत होता, मोनाही पाहत होती. परवा मात्र फोनवर तिने सांगून टाकलं, "घरचे स्थळ पाहून राहिले. मी अजून किती टाळू? रविवारी येऊन बोल, नाहीतर राहू दे." ती चिडली असती तर बरं झालं असतं. आवाज नुसता थकलेला होता, आणि तोच त्याला दिवसभर ऐकू यायचा.

बुधवारी चूक सापडली. अशी चूक भिलाईच्या पोरालाच सुचावी. प्रत्येक शिफ्टसाठी प्रोग्रॅमचा वेगळा भाग होता, आणि नवा भाग 'आलो' म्हणेपर्यंत जुन्याने थरथर मोजणारा सेन्सर सोडायचा नाही, असं अंकुरने लिहून ठेवलं होतं. का, तर बाबा स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे, आणि रिलिव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, समोर उभा राहिल्याशिवाय त्यांनी जन्मात केबिन सोडली नाही. रिलिव्हर आला नाही म्हणून डबल ड्युटी करून येणारे बाबा बघतच पोरगा वाढला. पण सेन्सर एका वेळी एकालाच हाती धरता येतो. जुना नव्याची वाट बघतोय, नवा सेन्सर सुटायची वाट बघतोय. शेवटी राखण करणाऱ्या चिपला वाटायचं दोघंही गेले, आणि ती सगळंच बंद करून टाकायची. लॅपटॉपवर सेन्सरच्या जागी साधी फाइल होती; ती दोघांना एकदम उघडता यायची.

त्याने जुन्याला आधी सोडायला लावलं. मध्ये क्षणभर जागेवर कोणीच नाही, हे लिहिताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. दोन वाजले. आकडे थबकले आणि पुन्हा सुरू झाले. चाचणीची मोटर आपली फिरतच होती. गौरवने समोसे मागवले, पण अंकुर स्कूटर काढून घरी निघाला.

बाबा भाजीला गेले होते. आईच्या पाठीशी उशी लावत तो म्हणाला, "आई, आज शुभमदादाले साफ विचारतो. येतो का नाही. मी आता कितीक थांबू?"

लकव्यानंतर गयाबाईचे शब्द सावकाश येत. "नको विचारू. मागच्या वर्षी तो याले निघालाच होता. तिकीट काढलं होतं त्यानं. मीच म्हटलं, येऊ नको."

"कावून?"

"तो आला असता तर तू गेला असता."

अंकुरला राग आला, चांगलाच आला. वर्ष गेलं होतं, मोनाचं आणि त्याचं. पण आईने चांगल्या हाताने त्याच्या शर्टाचं टोक धरलं होतं. आपण घरात हवे आहोत हे त्याला माहीत होतं. इतके हवे आहोत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो खाटेच्या कडेला बसला.

"उचलायले बाई भेटते," ती म्हणाली. "शेजारच्या केवलरामची सून करते ते काम. मले तवाही मालूम होतं."

"मी रविवारी नागपूरले जातो, आई. मोनाच्या घरी. मंग तिकडंच काम पाहीन."

"जाय."

बाहेर बाबांनी सायकल टेकवली, फाटकाची कडी वाजली. तिने डोळे मिटले.

"जाशीन तवा मले उठवू नको. मी झोपली असन तवाच जाय."