गाडीला लागलेली धाप

चौतीस वर्षं दवाखान्यात वॉर्ड सांभाळून निवृत्त झाल्यावर सिस्टरांना गाडी चालवायला शिकायची हुक्की आली. शिकल्या, परीक्षेला बसल्या, आणि तपासनिसाने त्यांच्या कागदावर लिहिलं, 'वाहनावर ताबा नाही'. नापास झाल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. पण ताबा नाही? ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने चाळीस खाटांवरची माणसं पांघरुणं सारखी करून गुमान पडत, त्यांना ताबा नाही? हे मात्र त्यांना झोंबलं.

खरा दोष गाडीचा होता. गाडी धाकट्या भावाची, चांगली पोक्त. पळताना ठीक असे. पण जरा उभी केली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरे आणि मान टाके. परीक्षेत तिने तीनदा मान टाकली होती. दुसरी परीक्षा सोमवारी सकाळी होती आणि आज रविवार होता.

भाऊ सकाळपासून बॉनेटखाली डोकं घालून उभा होता. शेजारी म्हणाला प्लग बदला, याने बदलले. मेव्हणा म्हणाला एअर फिल्टर बदला, तोही बदलला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने पेट्रोलमध्ये कचरा असणार असं सांगितल्यावर त्याने टाकीत कसलंसं औषधही ओतलं. आता गाडी उभ्या उभ्या उड्या मारत होती.

"किती उपचार केलेस?" सिस्टरांनी विचारलं.

"तीन."

"एकदम?"

"ताई, परीक्षा तुझीच आहे ना उद्या? घाई नको करायला?"

"एका वेळी एकच औषध द्यावं. नाहीतर रोगी कशाने बरा झाला ते कळत नाही, आणि कशाने गेला तेही कळत नाही."

त्यांनी बाह्या वर सारल्या, गाडी बंद करायला लावली आणि भावाने हात लावलेली एकेक वस्तू पुन्हा पाहिली. एका प्लगवरची टोपी नुसतीच टेकवलेली होती. त्यांनी ती दाबून बसवली.

"हा आजार तुझ्या हातचा," त्या म्हणाल्या. "आता मूळचा बघू."

गाडी पुन्हा सुरू केली. उड्या थांबल्या, जुनी थरथर होती तशीच राहिली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थरथर जाई, सोडला की परत येई.

"पळताना बरं आणि बसल्यावर धाप," सिस्टर पुटपुटल्या. "माणसाचं उलटं असतं." मग त्या घरात गेल्या आणि स्टेथोस्कोप घेऊन आल्या.

वहिनी दारातच उभी होती. "वन्सं, अहो शेजारी बघतायत!"

"बघू देत. वेळ उरला तर त्यांनाही तपासते."

त्यांनी स्टेथोस्कोपची छातीवर ठेवायची चकती काढली आणि पंख्यापासून हात जपत नुसती नळी इंजिनावरून फिरवली. टकटक, घरघर, पुन्हा टकटक. एका रबरी नळीपाशी मात्र बारीक 'सूं' असा आवाज आला. नळीच्या टोकाला, खालच्या अंगाला, वरून न दिसणारी चीर होती. सिस्टरांनी तिच्यावर बोट दाबलं, आणि गाडी एकदम शांत झाली. बोट उचललं, थरथर. पुन्हा दाबलं, शांत. एकदा झालं तर योगायोग असू शकतो, म्हणून त्यांनी तीनदा करून पाहिलं.

"फिल्टरमधून रीतसर श्वास घ्यायचा सोडून ही इथून चोरून घेतेय," त्या म्हणाल्या. "पळताना एवढं जाणवत नाही. उभी राहिली की हिशेब चुकतो."

भाऊ धावत जाऊन चिकटपट्टी घेऊन आला.

"पट्टीने जखम झाकली जाते, भरत नाही. कात्री आण. आणि आधी गाडी बंद कर."

चिरलेलं टोक अंगठ्याएवढं कापून त्यांनी उरलेली नळी ओढून बसवली. लांबी जेमतेम पुरली. भावाने नळीवरची लोखंडी पट्टी पाना घेऊन आवळली. तेवढं त्याला करू दिलं.

सोमवारी सिस्टर वळल्या, चढल्या, सांगितल्या रेघेवर थांबल्या. गाडी चिडीचूप होती. मेली वाटतं पुन्हा! त्यांनी झटक्यात किल्ली फिरवली.

चालू इंजिनाने अशी काही करकरून किंकाळी फोडली की तपासनिसाच्या मांडीवरचे कागद खाली सांडले.

"हे काय केलंत बाई?"

गाडीवर ढकलणं सोपं होतं. पण वॉर्डात त्यांनी स्वतःची चूक कधी दुसऱ्याच्या नावावर लिहिली नव्हती.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "चालूच होती ती. इतके दिवस कण्हणं ऐकायची सवय; गप्प बसली तर वाटलं गेली."

तपासनीस कागद गोळा करत म्हणाला, "ही चूक आठवड्याला चार जण करतात. चौघंही मला गाडीचीच चूक म्हणून सांगतात. चला, ती चढण पुन्हा करून दाखवा."

सिस्टरांनी करून दाखवली, उतारावर थांबूनही दाखवलं. त्याने कागदावर सही केली.

"ताब्याचं काय लिहिलंत?" सिस्टरांनी मान लांब केली.

"आहे म्हणून लिहिलंय, बाई. जरा नीट बसू द्या मला."

सोबत आलेल्या भाऊ-वहिनीला घेऊन घरी परतताना गाडी सिस्टरांनीच चालवली. शेजारच्या सीटवर भाऊ सारखा उजवा पाय दाबत होता.

"काय करतोयस?"

"ब्रेक मारतोय."

"तुझ्याकडे ब्रेक नाही."

"माहितेय गं!" असं म्हणून त्याने पुन्हा दाबला.

मागे वहिनी डोळे मिटून बसली होती. छान डुलकी लागली होती, असं तिने घरी आल्यावर सांगितलं. पण डुलकीत कुणी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरत नाही.