तासाभराचं काम

ट्रेलर हिच ही काय वस्तू असते हे मला सत्तरी ओलांडल्यावर शिकावं लागलं. गाडीच्या मागच्या बंपरखाली, चॅसीला बोल्टांनी आवळलेला एक आडवा लोखंडी पाइप, आणि त्याच्या मधोमध बाहेर तोंड काढलेली एक चौकोनी नळी. त्या नळीत हवं ते अडकवायचं. इकडचे लोक सायकली अडकवतात, बोटी ओढतात. मला माझ्या बायकोची स्कूटर अडकवायची होती.

स्कूटर म्हणजे आपल्या पुण्यातली स्कूटर नव्हे. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी असते ती, बॅटरीवरची, चार चाकांची, खुर्ची आणि पुढे हँडल. दोन वर्षांपासून तिचे पाय तिचं ऐकेनासे झाले होते. आजाराचं नाव लांबलचक आहे आणि ते सांगून कुणालाच काही कळत नाही, म्हणून मी ते सांगणं सोडून दिलं आहे. आधी काठी आली, मग वॉकर, मग ही स्कूटर. आम्ही राहतो त्या व्हिटबीला, लेकच्या काठाने ती स्कूटरवरून पुढे जायची आणि मी मागून धापा टाकत यायचो. "अहो, चला की लवकर," असं ती मुद्दाम वळून म्हणायची. चाळीस वर्षं मी पुढे आणि ती मागे असे चाललो होतो. त्याची भरपाई ती मजेत करून घेत होती.

त्या वर्षी जूनमध्ये, चहा पिता पिता ती म्हणाली, "मला हॅलिफॅक्सला जायचंय. बाळाकडे."

आमचं पहिलं मूल हॅलिफॅक्सला झालं. मी तिथे शिकत होतो, आम्हाला देशातून येऊन वर्षही झालं नव्हतं. मुलगा होता. अकरा दिवस जगला. इतक्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात, एवढं आम्हा दोघांना ठाऊक होतं. बाकीचं सांगायला घरचं कुणी नव्हतं. गावाबाहेरच्या एका दफनभूमीत, उताराच्या अगदी वरच्या कोपऱ्यात आम्ही त्याला ठेवलं. नाव ठेवायचं राहून गेलं होतं, म्हणून छोट्या दगडावर नुसतं आडनाव आहे. पुढे नोकरीपायी आम्ही ऑन्टारियोत आलो, मुलगी झाली, ती मोठी होऊन लग्न करून ब्रॉसार्डला राहायला गेली. हॅलिफॅक्सला आम्ही चार-पाच वर्षांनी एकदा जायचो. ती गवतात बसायची, मी गाडीजवळ उभा राहायचो. मला ते जमत नसे.

"व्हीलचेअर घेऊन विमानाने जाऊ," मी म्हणालो. "वर चढवायला मी आहे ना."

"नको. मला त्याच्याकडे ढकलत नेऊ नका. माझी मी जाईन."

तिची स्कूटर मोठ्या चाकांची होती, गवतावर चढणारी. ती आमच्या छोट्या गाडीच्या डिकीत मावत नव्हती. मोठी गाडी घ्यावी, तर त्या उंच सीटवर तिला चढता येत नव्हतं. विमानात एका ओळखीच्या बाईंची अशीच स्कूटर मोडून आली होती, त्यामुळे तिचा त्यावर भरवसा नव्हता. मुलीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, जस्ट रेंट वन देअर. व्हाय आर यू मेकिंग इट सो हार्ड?" मी तिला म्हटलं, तुझ्या आईला तिच्याच स्कूटरच्या सीटची सवय आहे. ते खरंच होतं. पण मला एक काम हवं होतं, हेही तितकंच खरं होतं. डॉक्टरांपुढे मी नुसता मान डोलावणारा माणूस झालो होतो. लोखंड आणि बोल्ट म्हटल्यावर मला पुन्हा काहीतरी कळू लागलं.

मी फाइल उघडली. चाळीस वर्षं पूल बांधणाऱ्यांच्या कंपनीत पुलांवरच्या भारांचे हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची फाइल उघडल्याशिवाय मला ती खरी वाटत नाही. बाथरूममधला वजनकाटा स्कूटरच्या एकेका चाकाखाली घालून मी बेरीज केली: एकशे बावन्न पौंड. ती ठेवायचा लोखंडी पाट पंचावन्न. एकूण दोनशे सात. आणि छोट्या गाडीच्या हिचला उभं वजन पेलायची मर्यादा दोनशे. शिवाय गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं, या गाडीने काहीही ओढू नये. तीच गाडी युरोपात मजेत ट्रेलर ओढते, हेही मी शोधून काढलं. मग बॅटरी काढून मागच्या सीटवर ठेवली तर किती, पाट दोन इंच जवळ घेतला तर किती, रस्त्यातल्या खड्ड्याने धक्का बसला तर किती.

"माझं वजन नाही ना धरलंत?" ती बाजूला बसून विचारायची. "मी पुढेच बसणार आहे, लटकणार नाहीये."

जून गेला, जुलै गेला, ऑगस्टही गेला. मी निवडत होतो. घरी गणपती बसले, उठले. आता तिची अक्षरं बोलताना एकमेकांत मिसळू लागली होती आणि पाणी पिताना ठसका लागत होता.

शेवटी बॅटरी मागच्या सीटवर ठेवायची असं धरून एकदाचा हिच ठरला आणि मी तो घ्यायला दुकानात गेलो. काउंटरवर एक सरदारजी होते. त्यांनी माझी फाइल पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "अंकलजी, एक घंटे का काम है," ते म्हणाले. "गाडी पीछे लगा दो, चाय पी के आओ."

मी म्हणालो, "नहीं, मैं खुद करूंगा. बाद में."

बाद में, कारण त्या दिवशी पितृपक्ष लागला होता, आणि ते मला पैसे भरून झाल्यावर आठवलं.

इथे मला थोडं मागे जायला हवं. आमच्या घरात पितृपक्षावर सगळ्यात जास्त हसणारा माणूस मी. पंधरा दिवस नवं काही घ्यायचं नाही, नवं काम सुरू करायचं नाही, हे ती पाळायची आणि मी तिला चिडवायचो. हॅलिफॅक्सला आमची पहिली गाडी घेतली ती पितृपक्षातच. गाव सोडून जाणारा एक विद्यार्थी स्वस्तात विकत होता. तिला सातवा महिना लागला होता. "चार दिवस थांबा ना, पंधरवडा संपू दे," ती म्हणाली होती. "माझ्या पूर्वजांनाही गाडीत बसायची हौस असेल," असं म्हणून मी किल्ली घेऊन आलो. त्याच गाडीतून तिला बाळंतपणाला नेलं. त्याच गाडीतून, अकरा दिवसांनी, त्याला त्या उतारावर नेलं.

गाडीचा आणि बाळाच्या जाण्याचा काडीचा संबंध नाही. त्याच्या हृदयाला जन्मतःच दोष होता, डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मी इंजिनिअर माणूस, मला ते पटलंही होतं. तिने त्या गाडीचा विषय पुढे कधीही काढला नाही, एका शब्दानेही नाही. पण त्या दिवशी दुकानात, हिचचा बॉक्स हातात असताना, मला ती किल्ली आठवली. या वेळी मी थांबणार होतो. या वेळी कुणाला मला काही म्हणायला जागा ठेवायची नव्हती.

बॉक्स चांगला चार फूट लांब होता. गॅरेजमध्ये दोन स्टुलांवर आडवा ठेवून दिला. तिला सांगितलं, "घट बसले की लगेच बसवतो. दसऱ्याच्या आत हॅलिफॅक्स."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही कधीपासून पाळायला लागलात?"

"पाळत कुठे आलोय? गुडघा दुखतोय. गाडीखाली झोपवत नाही."

"इतक्या लहान मुलाचं श्राद्ध नसतं," ती सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली. "या पंधरा दिवसांत सगळ्यांची आठवण काढतात, त्याची कुणी काढत नाही. आत्ताच जायला हवं आपण. मला चालेल, अहो. खरंच चालेल."

जन्मभर पाळणारी बाई मला चालेल म्हणत होती, आणि जन्मभर हसणारा मी अडून बसलो होतो. पंधरा दिवसांनी असा काय फरक पडणार आहे, असं मी म्हणालो. हे वाक्य मी पुढे किती वेळा आठवलं असेल त्याला गणती नाही.

त्यानंतर दोनदा ती म्हणाली, "बॉक्स तरी उघडून बघा. बोल्ट कमी असले तर?" एकदा जेवताना, आणि एकदा मी तिला पलंगावर निजवत असताना. दोन्ही वेळा मी म्हणालो, बघू, घट बसल्यावर. दुसऱ्यांदा ती थोडी हसल्यासारखी वाटली. मला वाटलं, मला चिडवते आहे.

दहाव्या दिवशी दुपारी वरणभात खाताना तिला जोराचा ठसका लागला. संध्याकाळी ताप चढला. घास छातीत उतरला होता, त्याचा न्यूमोनिया झाला. घट बसले तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती, दसरा हॉस्पिटलमध्ये गेला, आणि दिवाळीच्या आधी ती गेली. शेवटचे काही दिवस तिला बोलता येत नव्हतं. माझा हात हातात घेऊन ती बोटाने तळव्यावर काहीतरी टेकवत राहायची. मला काही उमगलं नाही.

हिवाळाभर मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसण्याशिवाय दुसरं काही केलं नाही. मार्चमध्ये मुलगी येऊन राहिली. तिने कपडे आवरले, औषधं परत केली, स्कूटर एका गरजू बाईंना देऊन टाकली. गॅरेजमधल्या बॉक्सकडे बोट दाखवून म्हणाली, "अँड दिस? कॅन वी रिटर्न इट?" मी दुकानात फोन केला. तेच सरदारजी होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, मुदत उलटून गेली आहे, तरी आणा, बघतो. फक्त सगळे बोल्ट आत आहेत ना तेवढं मोजून घ्या.

बोल्ट मोजायला म्हणून मी बॉक्सजवळ गेलो. बॉक्सच्या तोंडाची तपकिरी चिकटपट्टी मधोमध कापलेली होती. त्यावर पांढरी पट्टी लावली होती, वाकडीतिकडी, सुरकुतलेली. घरच्या औषधांच्या डब्यातली, तिच्या हाताच्या बँडेजसाठी आणलेली पट्टी.

मी उघडलं. काळ्या पाइपावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. आधी एक नीट, मग एक घसरलेलं, मग एक पुन्हा नीट. फटीफटीत अक्षता अडकल्या होत्या. बोल्टांच्या पिशवीवर एक सुपारी ठेवलेली होती. पितृपक्षात, मी कधीतरी ग्रोसरीला गेलो असताना, ती रॅम्पवरून स्कूटर गॅरेजमध्ये घेऊन आली असणार. त्या थरथरत्या हातांनी बॉक्स कापला असणार, पूजा केली असणार, आणि मला कळू नये म्हणून, किंवा मला उघडल्यावरच कळावं म्हणून, तो पुन्हा बंद केला असणार. मी गुडघ्याचं कारण सांगितलं तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. मी कशाला घाबरलोय हे कळलं होतं, आणि ती पहिली गाडी मी विसरलेलो नाही हेही. चाळीस वर्षं तिने मला कधी दोष दिला नव्हता. आता माझी भीतीही तिनेच उतरवून ठेवली होती. मी फक्त झाकण उघडायचं होतं.

मी गॅरेजच्या फरशीवर बसून मोठमोठ्याने रडलो. मुलगी धावत आली. तिला काय दिसतंय ते तिला कळेना. मी सांगितलं. ती माझ्या शेजारी बसली आणि खूप दिवसांनी मराठीत म्हणाली, "आईने केलं हे?"

हिच मी परत केला नाही. मे महिन्यात मी गाडीखाली झोपलो. सायलेन्सरचा एक रबरी अडकवा सोडवून सायलेन्सर थोडा खाली घ्यावा लागतो, चॅसीची गंजलेली भोकं तारेच्या ब्रशने साफ करावी लागतात, आणि मग पाइप छातीवर तोलून धरत बोल्ट लावायचे. पुन्हा आलेल्या मुलीने दुसरं टोक धरलं. बोल्ट ठरलेल्या मापापर्यंत आवळले. कुंकवावर मी तिचीच पांढरी पट्टी चिकटवली, रस्त्याचं पाणी उडू नये म्हणून. सगळं आटोपल्यावर घड्याळ पाहिलं. सव्वा तास लागला होता.

मग आम्ही दोघं हॅलिफॅक्सला गेलो, रिकामा हिच घेऊन. ब्रॉसार्डला एक मुक्काम, न्यू ब्रन्सविकमध्ये एक. दफनभूमीच्या खाली गाडी लावली. मुलीला म्हटलं, जरा थांब, आणि मी गाडीच्या मागे ओल्या गवतात आडवा झालो. पट्टी जागच्या जागी होती. नखाने सोडवून हळूहळू ओढली, तर कुंकू पट्टीबरोबरच निघून आलं. तिचं एक अख्खं बोट त्या पट्टीवर उमटलं होतं, नीट आलेल्यांपैकी.

ती पट्टी तळहातावर घेऊन मी उतार चढलो. या वेळी मी गाडीजवळ उभा राहिलो नाही. दगडाची मागची बाजू बाहीने पुसली आणि पट्टी तिथे चिकटवली. अंगठ्याने दाबून धरली, बराच वेळ.

तिचं एवढं एक बोट त्याच्यापर्यंत पोचलं. बाकीची ती पोचू शकली असती. तासाभराचं काम होतं.