मार्थामावशींची उशी आणि माझी साक्ष

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. सगळं सुरू झालं एका उशीपासून. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर मार्थामावशींची फुलाफुलांची उशी नव्हती. मावशीही नव्हत्या!

मी आधीच गारठलेली. त्या रविवारी माझं दृढीकरण, म्हणजे चर्चची पक्की सभासद होण्याचा विधी. सगळ्या मंडळीसमोर साक्ष द्यायची, की माझी प्रभूवर प्रीती आहे. आणि मला तर प्रार्थनेत कधी रडूच येत नाही हो! बाकीच्या बायका डोळे मिटताच हुंदके द्यायला लागतात. मी डोळे मिटले की आठवतं, गॅस बंद केला का?

आदल्या दिवशी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलंसुद्धा, "साहेब, माझ्यात प्रीती नाहीच बहुतेक."

"अगं एस्तेर, रडू ही भावना. चहाच्या उकळीसारखी येते, बसते. प्रीती म्हणजे मनाची ओढ. ती डोळ्यांत शोधू नकोस. पाय कुठे धावतात ते बघ."

मी मान डोलावली. कळलं काहीच नाही.

तर, उशी नाही. मावशी एकट्या राहतात, कानाने जरा जड, पण रविवार चुकवत नाहीत. आजूबाजूला नीट बघेन ती मी कसली! बाहेर येऊन फोन लावला. रिंग जातेय, उचलत नाहीत. झालं! आत पहिलं गीत सुरू, आणि मी रिक्षाने थेट मावशींच्या दारात. दाराला कुलूप.

"मावशीऽऽ!" मी दार बडवलं. शेजारचे तात्या ब्रश तोंडात धरूनच बाहेर आले.

"काय झालं पोरी?"

"मावशी आत पडल्यात! कुलूप तोडा!"

"अगं, कुलूप बाहेरून हाय. आत पडलेली बाई बाहेरून कुलूप कशी लावंल?"

बरोबर होतं त्यांचं. पण घाबरल्यावर माझं डोकं चालतं कुठे? पुन्हा फोन. पुन्हा. आणि कधी नव्हे ते मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, चांगलं भोकाड!

तेवढ्यात फोन उचलला गेला.

"मावशी, जिवंत असाल तर नुसतं हं म्हणा! दारापासून लांब सरका, मी दगड आणतेय!"

"एस्तेर," आवाज पाळकसाहेबांचा. "मावशी इथेच आहेत, पहिल्या बाकावर. तुझी साक्ष नीट ऐकू यावी म्हणून उशी घेऊन पुढे बसल्यात. तुझे फोन त्यांच्याशिवाय सगळ्या मंडळीला ऐकू आले."

मग म्हणाले, "साक्षही ऐकू आली. माईक चालूच आहे."