घाटाखाली बंद पडणारा ट्रॅक्टर

गेल्या मे महिन्यात माझा ट्रॅक्टर भर वावरात बंद पडला. माझ्याकडे ट्रॅक्टर नाही.

नीट सांगायचे तर आधी कबुली द्यावी लागेल. मी मोताळ्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. प्रत्येक पालकसभेत शेवटचे भाषण माझे असते आणि त्यातले शेवटचे वाक्यही ठरलेले असते : ‘गेम ही मुलांच्या आयुष्याला लागलेली बोंडअळी आहे!’ (आमचे पालक कपाशीवाले, त्यामुळे उपमा थेट काळजात जाते. टाळ्या पडतात.) टाळ्या घेऊन मी घरी येतो, कपडे बदलतो, मागच्या टिनाच्या खोलीत जाऊन कडी लावतो आणि कॉम्प्युटरवर गेम खेळतो.

कॉम्प्युटर खरे तर आमच्या मुलाचा, सोहमचा. अकरावीत असताना ‘अभ्यासासाठी’ म्हणून त्याने तो घ्यायला लावला. डब्याच्या आत लाल-निळे दिवे गरगर फिरायचे. अभ्यासाला एवढी रोषणाई कशाला, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. पुढे तो लॅपटॉप घेऊन पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि हे धूड मागे राहिले. मी फक्त धूळ पुसायला गेलो होतो, देवाशपथ! पण त्यात शेतीचा एक गेम निघाला. नांगरा, पेरा, कापा. पाऊस वेळेवर, रानडुकरे नाहीत, आणि मजूर बोलावला की येतो! शेतकऱ्याच्या पोटी जन्म घेऊन मला आयुष्यात नांगराचा एक तास सरळ काढता आला नव्हता. इथे बटण दाबले की निघू लागला.

एका दुपारी कडी लावायची राहिली आणि दारात आबा उभे. आबा म्हणजे माझे वडील. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचे शेतात जाणे बंद झाले होते. वावर बटईने दुसऱ्याला कसायला दिले होते आणि आबा ओसरीत बसून दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चुका काढत असत.

“काय करून राह्यला बे, सुधाकर?”

“काही नाही आबा, शाळेचं काम.”

“शाळेत ट्रॅक्टर आला?”

मी घाईघाईने पडद्यासमोर हात धरला.

“वावरात चाल म्हनलं तं तुही कंबर दुखते. अन इथी बसून नांगरून राह्यला!”

आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी अंग चोरले. (वय वर्षे अठ्ठेचाळीस!) तेवढ्यात स्टूल ओढल्याचा आवाज आला.

“तास वाकडा चालला. डाव्या अंगाले घे.”

त्या दिवसापासून मी ड्रायव्हर आणि आबा मालक. त्यांनी वावरांना नावे दिली : नाल्याजवळचं, बाभळीचं, मधलं. कपाशी नाही म्हणून गेम बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या. जेवण झाले की आम्ही दोघे डोक्याला ओले दुपट्टे बांधून, मध्ये पाण्याचा माठ ठेवून कामाला बसायचो. मे महिन्यात त्या टिनाखाली बसायचा दुसरा मार्गच नव्हता. आबा आठवडाभरात पाच वर्षांनी तरुण दिसू लागले. गुडघ्याचे नावही निघेना.

आणि गहू कापणीला आला.

मी हार्वेस्टर काढला. दोन फेऱ्या झाल्या, तिसरी चालू होती, आणि फट्! पडदा काळा. दिवे बंद, पंखे बंद. पुन्हा सुरू केले, तर गहू जिथल्या तिथे डुलत होता, कारण केलेले काम मशीनमध्ये साठवायच्या आतच ते बंद पडले होते.

“कापलेला गहू पुन्हा उभा झाला?” आबांचा आवाज चिरकला.

“हो, आबा.”

“चोरी झालेली पाह्यली, आग लागलेली पाह्यली. पन कापलेला गहू वापस उभा झालेला माह्या बापानंही नाही पाह्यला!”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आबांनी जेवण अर्ध्यावर आणले. “उभा गहू हाय तिकडं, अन इकडं मी पोळ्या खाऊ?” आता हा गेम राहिला नव्हता. गहू निघाला नाही तर म्हातारा पुन्हा ओसरीत जाऊन बसणार, हे मला दिसत होते.

घरात सभा भरली. सोहम पुण्याहून फोनच्या स्पीकरवर.

“बाबा, तो म्हातारा झालाय. आता त्यात काही टाकू नका. सरळ बदला.”

“कोन म्हातारा झाला?” आबा ताडकन म्हणाले.

“कॉम्प्युटर, आबा.”

“माह्या गुडघ्याले डाक्टर हेच म्हने. बदला! नाही बदलला. अडलं का काही?” हे ठासून सांगायला आबा उठून उभे राहिले आणि ‘अगागागा’ करत पुन्हा बसले.

मी म्हणालो, “माझं मत, नवा घ्यायचा नाही, हाच अपग्रेड करायचा. नवं ग्राफिक कार्ड टाकलं की पळतो बघा!” (हे शब्द मला तीन दिवसांपूर्वी माहीत नव्हते.)

तेव्हा माझी बायको मंगला पोळपाट बाजूला ठेवून बाहेर आली. “बदलू नका अन काही टाकूबी नका. भंगारात द्या! खऱ्या गव्हाची कोठी माजघरात वाट अडवून उभी हाय, तिले जागा नाही. अन तुमच्या खोट्या गव्हाले अख्खी खोली!”

यावर सोहमचा फोन आपोआप कटला. शेवटी तोड निघाली ती अशी, की मशीन बुलढाण्याला कारागिराकडे न्यायचे. बरे झाले तर ठीक, नाही तर टिनाच्या खोलीत कोठी.

इथे एक सांगायला हवे. आमचा मोताळा घाटाखाली आणि बुलढाणा घाटावर. मंगलाचे माहेर बुलढाण्याचे. लग्न करून ती घाट उतरली, पण मनाने अजून उतरलेली नाही. “आमच्या घाटावर असं उकडत नाही बाप्पा” हे वाक्य मी लग्नापासून ऐकतो आहे. माहेरची बढाई म्हणून सोडून देतो. कोणीही नवरा तेच करील.

तर एसटीत मी डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला, आणि शेजारी आबा कॉम्प्युटरचा पडदा छातीशी धरून. एका बाईने सरकून जागा दिली आणि हळूच विचारले, “लहान हाय का?” कंडक्टर गोधडीकडे बघून म्हणाला, “बिमार हाय वाट्टे?” मी म्हणालो, “हो, दवाखान्यातच नेऊन राह्यलो.” खोटे कुठे बोललो?

बुलढाण्यात कारागीर सलीमभाईंच्या दुकानात मशीन जोडले. सुरू झाले. गेम लावला. हार्वेस्टर निघाला. एक फेरी, दोन फेऱ्या, दहा फेऱ्या! गिऱ्हाइके आपापली कामे विसरून पाहू लागली. आबा काठीने पडद्याकडे दाखवत हुकूम सोडत होते, “कोपरा राह्यला! कोपरा कोन, तुहा सासरा कापन?” अर्धे वावर निघाले, आणि यावेळी ते मशीनमध्ये नीट साठवले गेले.

“सर, हा तं टनाटन हाय,” सलीमभाई डोके खाजवत म्हणाले. “मले काही बिमारी नाही दिसत. इलाज कायचा करू?”

आम्ही विजयी मुद्रेने घाट उतरलो. दुसऱ्या दुपारी डोक्याला ओले दुपट्टे बांधले, माठ भरला, मशीन लावले. दुसरी फेरी. फट्!

मग उपचार सुरू झाले. आबांच्या मते सलीमभाईंच्या दुकानात नजर लागली होती, म्हणून डब्याला लिंबू-मिरची टांगली. मी शिकलेला माणूस. मी शांतपणे समजावले की हा मोताळ्याच्या विजेचा दोष आहे, आणि स्टॅबिलायझर आणला. फट्! पंक्चरच्या दुकानात नेऊन डब्यात हवा मारली. इतकी धूळ निघाली की पंक्चरवाला खोकत खोकत रस्त्यापलीकडे गेला. फट्! शेवटी मी माझे म्हणणे खरे केले. पुन्हा घाट चढलो आणि नवे, ताकदवान ग्राफिक कार्ड बसवून आणले. दुकानात ते असे चालले, की सलीमभाईंनी टाळी दिली.

मोताळ्यात ट्रॅक्टरवर चढायच्या आत फट्! पूर्वी दोन फेऱ्या तरी होत होत्या. माझ्या अपग्रेडने त्याही गेल्या!

“झालं?” मंगला म्हणाली. “आता त्याले बुलढाण्याले आमच्या प्रमोदकडं पाठवा. तिथी चालते ना? मंग तिथीच राहू द्या. आमच्या घाटावर सगळंच नीट चालते.”

प्रमोद म्हणजे माझा मेहुणा. डबा जीपने रवाना झाला. संध्याकाळी त्याचा फोन, “भाऊजी, मस्त चालू हाय!” त्याच्या आनंदाने माझ्या पोटात दुखले.

दुसऱ्या सकाळी आबा थैली घेऊन दारात तयार.

“कुठी चालले, आबा?”

“बुलढाण्याले. अर्धा गहू उभा हाय.”

सुनेच्या माहेरी आबा चहा पिऊन उठणारे! व्याह्याकडे दुसरे जेवण घेणे म्हणजे त्यांच्या लेखी अब्रूला धक्का. तो माणूस तिथे मुक्कामाला गेला आणि आठवडा उलटला तरी परतेना. फोन केला की एकच उत्तर, “पीक सोडून कोनी येते का बे?”

मंगला कपाळाला हात लावून बसली. “लोक काय म्हनतीन! सासरा सुनेच्या माहेरी जाऊन राह्यला! कायच्यासाठी, तं म्हने शेतीसाठी!”

आणि मग प्रमोदचा फोन आला. आवाज रडवेला.

“भाऊजी, ताईले घेऊन लवकर या. आबा अन आमचे नाना भांडले. बोलनं बंद हाय.”

“कशावरून?”

“धुऱ्यावरून.” (धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध.)

आम्ही मिळेल ती जीप पकडून पोचलो. दोन व्याही पाठीला पाठ लावून बसले होते, मध्ये कॉम्प्युटर सुखेनैव चालू. झाले असे होते, की गहू निघाल्याच्या आनंदात आबा जरा आडवे झाले, आणि तेवढ्यात माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, ट्रॅक्टर घातला आणि मधल्या वावराचा धुराच नांगरून टाकला!

“ट्रॅक्टर वळत नव्हता,” नाना भिंतीला सांगत होते. “दोन वावरं एक केली तं काय बिघडलं?”

“बिघडलं म्हंते!” आबा दाराला सांगत होते. “इवाई आहेत म्हनून गप बसलो. दुसरा असता तं तहसीलीत खेचला असता!”

“आबा, नाना, अहो तो गेम आहे,” मी म्हणालो. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे असे पाहिले, की मी चपला शोधू लागलो.

मंगलाने ताबा घेतला. “पुरे झालं! लोकाले तोंड दाखवाले जागा नाही ठेवली तुमी. हे खोकडं मी आत्ताच्या आत्ता उचलते.” ती डब्याजवळ गेली, दोन्ही हात त्याच्यावर ठेवले आणि थबकली.

“अवं माय, हा तं गार हाय!”

“मंग?” प्रमोद म्हणाला.

“मोताळ्यात झाडू माराले गेली की याचा चटका बसे मले. तव्यावानी तापे. अन इथी गार? मी म्हनतच होती, आमच्या घाटावर उकडत नाही म्हनून…”

लग्नापासून ऐकत आलेले ते वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कानात शिरले. टिनाची खोली. मे महिना. आमच्या डोक्यांना ओले दुपट्टे, मध्ये गार माठ, आणि शेजारी ते बिचारे मशीन उघडेबोडके भाजून बंद पडत होते! त्यात मी ताकदवान, म्हणजे आणखी तापणारे, कार्ड घातले होते.

नानांनी भिंतीकडचे तोंड माझ्याकडे वळवले. मी काय शिकवतो हे त्यांना मुलगी देताना माहीत होते. तरी त्यांनी अत्यंत मायेने विचारले,

“जवाईबापू, तुमी शाळेत काय शिकवता म्हनले?”

“भूगोल,” मी म्हणालो.

आबा जोरात हसले. मग नाना हसले. मग दोघे एकमेकांच्या हातावर टाळ्या देऊन हसले, आणि धुऱ्याचे भांडण माझ्या अब्रूवर मिटले.

तर मशीन बदलले नाही. अपग्रेड केले होते, पण त्याचा विषय घरात काढायचा नाही असे ठरले आहे. बदलली ती फक्त जागा : कोठी टिनाच्या खोलीत गेली (कोरडी खोली, गव्हाला मानवली), आणि तिच्या जागी माजघरात कूलरच्या झुळकीला कॉम्प्युटर. तेव्हापासून एकदाही फट् नाही. आबा मालक आहेतच. नाना दर रविवारी घाट उतरून धुरा जागेवर आहे ना ते पाहून जातात आणि चक्क दोन वेळा जेवतात. फक्त माजघराला कडी नाही. परवा एक पालक मुलाच्या दाखल्यासाठी घरी आले, पडद्याकडे बघत उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, “सर, हीच का ती बोंडअळी?”

जूनमध्ये शाळा उघडली. पहिलाच धडा हवामानाचा. उंची वाढली की तापमान कमी होते, हे समजावताना मी नोकरीला लागल्यापासून दरवर्षी फळ्यावर एकच उदाहरण लिहीत आलो आहे : ‘वर बुलढाणा, खाली मोताळा.’

यंदा महाबळेश्वरचे दिले.