ज्ञानोबाच्या स्मारकाभोवतीची घाणेरी

जम्मूच्या टेकड्यांत आमची पोस्ट होती. मी नायब सुभेदार. माझ्याच गावचा, घनसावंगी तालुक्यातला नाईक ज्ञानोबा माझ्या प्लाटूनमध्ये होता. पोस्टच्या चारी बाजूंना घाणेरी माजलेली. आपण लहानपणी जिची काळी फळं खातो, तीच. आम्ही वर कळवलं, मुळापासून काढू द्या, आत माणूस बसला तर दिसत नाही. उत्तर आलं, कापा. आम्ही कापत राहिलो, ती दुप्पट फुटत राहिली.

एका सकाळी ज्ञानोबा गस्तीची तुकडी घेऊन खाली उतरला. थोड्याच वेळात रेडिओ बोलला.

"कॉन्टॅक्ट. झाडीतून फायर."

"कोणाला लागलं?"

"ज्ञानोबा गेला, साब."

त्याचं हेल्मेट घाणेरीत अडकलं होतं. मीच सोडवलं.

रिटायर होऊन गावी आलो, तर त्याच्या स्मारकाला घाणेरीचंच कुंपण. माझं डोकं फिरलं. सरपंचाला जाब विचारला.

"जनावर खात न्हाई, बारा महिने फूल. अजून काय पायजे, फौजी?"

जनावर खात नाही म्हणूनच तर गावाचं वाटोळं झालंय. पाखरांनी फळं खाल्ली, बी गायरानभर सांडलं. तिथं आता गवताची काडी उगवत नाही. उन्हाळ्यात एका उपाशी गायीनं घाणेरीचा विषारी पाला खाल्ला, तिची कातडी सोलून निघाली आणि ती मेली. तरी दरवर्षी पोळ्याआधी कोयत्यानं वरवर छाटायचं आणि गायरान साफ केलं म्हणून मिरवायचं. संताप येतो. छाटून जाणारी असती तर आमच्या पोस्टसमोरून गेली नसती?

मी कुदळ घेऊन स्मारकाकडे गेलो. ज्ञानोबाची आई गयाकाकू आडवी आली.

"माझ्या लेकराजवळची फुलं कामून उपटून राह्यला, अंबादास?"

पोरगा गोळीनं गेला, एवढंच तिला ठाऊक होतं. मला सांगावं लागलं.

"काकू, मारणारा याच झाडात लपून बसल्ता."

ती फुलांकडे वळली.

"मी रोज तांब्याभर पाणी घालून राह्यले याला," ती म्हणाली. मग खाली बसली आणि दोन्ही हातांनी बुंधा धरला. काट्यांनी हात सोलले, तरी सोडेना. "मुळासकट काढ. जल्दी."

दुपारपर्यंत आम्ही सगळं कुंपण उपटलं. काकूनं पदरानं दगडावरची माती पुसली. नाईक ज्ञानोबा, वय सव्वीस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते नाव रस्त्यावरून वाचता आलं.